आई-बाप असलेल्या रुग्णाला काय विचारावं?



आम्ही हिंदमातेजवळ राहतो. हिंदमाता म्हटलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात, साड्यांची दुकानं आणि पावसाळ्यात तुंबणारं पाणी. इथे राहणाऱ्याला तिसरीही रोज दिसते. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या गर्दीतून काही माणसं परळच्या दिशेने चालत असतात. हातात फायलींची पिशवी, एक्स-रेचं मोठं पाकीट, कुणाच्या डोक्याला रुमाल, कुणाच्या तोंडाला मास्क. १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल हॉस्पिटल इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे आपल्या या भागात कॅन्सर हा शेजारीच झाला आहे.

निवृत्तीनंतर आम्ही जवळच्या एका धर्मशाळेत आठवड्यातून दोन दिवस जाऊन बसू लागलो. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचा तिथे काय उपयोग, असं तुम्ही विचाराल. उपयोग एवढाच की आम्हाला अर्ज लिहिता येतात. मदतनिधीचा अर्ज, रेल्वे सवलतीचा कागद, संस्थांना पत्र. या अर्जांत बहुधा एक रकाना असतो, कुटुंबातील सदस्य आणि त्यांची वयं. समोरची बाई सांगते, ‘मुलगी नऊ, मुलगा चार.’ आम्ही लिहितो. मग सहज विचारतो, ‘कुठे आहेत मुलं?’ उत्तर ठरलेलं असतं, ‘गावाला, आजीपाशी.’ आणि तिथे बाईचा आवाज बदलतो. आजाराबद्दल सांगताना तो बदललेला नसतो.

आजचा विषय तो बदललेला आवाज आहे. कॅन्सर पुढच्या टप्प्यावर गेलेला आहे, पूर्ण बरा होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि घरात लहान मुलं आहेत. अशा आईच्या किंवा बापाच्या आयुष्याची गुणवत्ता म्हणजे काय? ती कशाने टिकते, कशाने जाते?

आधी शब्द पाहू. इंग्रजीतल्या ‘क्वालिटी ऑफ लाइफ’साठी पुष्कळजण ‘जीवनमान’ म्हणतात. पण जीवनमान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पगार, घरभाडं, डाळीचे भाव येतात. म्हणून आपण ‘जीवनाची गुणवत्ता’ म्हणू या. शब्द जरा जड आहे, पण चालवून घेऊ.

ही गुणवत्ता डॉक्टर मंडळी मोजतात. युरोपातल्या एका कर्करोग संशोधन संस्थेने तयार केलेली प्रश्नावली १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि आज ती जगभर वापरली जाते. तिचं नाव ‘क्यूएलक्यू-सी३०’. तीस प्रश्न आहेत. चालताना त्रास होतो का, झोप लागते का, मळमळतं का, दुखतं का, उदास वाटतं का. शेवटच्या दोन प्रश्नांत तुम्ही स्वतःच एक ते सात असे गुण द्यायचे, एक तब्येतीला आणि एक एकूण जगण्याला. प्रश्नावली चांगली आहे. अशा प्रश्नावल्यांमुळे रुग्णाला काय वाटतं हे निदान विचारलं तरी जाऊ लागलं. त्याआधी गाठ किती सेंटीमीटरने लहान झाली, यावरच जास्त भर असे.

पण बारकाईने पाहा. बहुतेक प्रश्न ‘गेल्या आठवड्यात’ असं धरून विचारलेले आहेत. आणि कुटुंबाबद्दल प्रश्न आहे एकच, तुमच्या आजाराचा किंवा उपचारांचा कौटुंबिक जीवनावर परिणाम झाला का, अशा अर्थाचा. आता त्या बाईला हे लावून बघा. गेल्या आठवड्यात तिला झोप लागली नाही, ती दुखण्यामुळे नव्हे. मुलगी मोठी होईल तेव्हा तिला पाळीबद्दल कोण सांगणार, धाकट्याला आपला चेहरा आठवेल का, हे प्रश्न तिला झोपू देत नव्हते. तिचं दुःख पुढच्या दहा-पंधरा वर्षांत पसरलेलं आहे, आणि आपली पट्टी मोजते आठ दिवस.

इथे तत्त्वज्ञानाला थोडं बोलावू या. मरणाची भीती कशी घालवावी यावर एपिक्युरस या ग्रीक तत्त्वज्ञाने एक प्रसिद्ध युक्तिवाद केला. त्याचा आशय असा की आपण आहोत तोवर मृत्यू नाही, आणि मृत्यू आला की आपण नाही, मग भ्यायचं कुणी? आम्ही तीसेक वर्षं हा युक्तिवाद वर्गात शिकवला. मुलांना आवडायचा. धर्मशाळेत बसू लागल्यावर लक्षात आलं की आई-बापांना तो लागूच पडत नाही. त्यांना स्वतःच्या नसण्याची भीती फारशी नसते. आपण नसताना मुलं असणार आहेत, त्याची असते.

आणि गंमत पाहा, खुद्द एपिक्युरसचं शेवटी काय झालं? मूत्रमार्गाच्या विकाराने असह्य वेदना होत असताना त्याने आपल्या मित्राला एक पत्र लिहिलं, ते आज उपलब्ध आहे. त्यात वेदनेचा उल्लेख आहे, मित्रांबरोबरच्या संवादांच्या आठवणींतून मिळणाऱ्या आनंदाचा आहे, आणि अखेरीस एक विनंती आहे. मेट्रोडोरस नावाचा त्याचा जिवलग शिष्य आधीच वारला होता, त्याच्या मुलांकडे लक्ष द्या, अशी ती विनंती. मृत्युपत्रातही त्या मुलांची तरतूद आहे. मरण आपलं कुणी लागत नाही असं शिकवणारा माणूस शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या लेकरांची सोय लावत होता. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. स्वतःची भीती युक्तिवादाने जाईलही. मुलांची काळजी मात्र सोय लावूनच थोडी हलकी होते.

आता प्रत्यक्षात काय घडतं ते बघू. २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांत ज्यांच्यावर अवलंबून असलेली मुलं होती, त्यांची तुलना बाकीच्यांशी केली होती. मुलं असलेल्यांमध्ये घबराटीचा विकार आणि चिंता जास्त आढळली. आराम देणाऱ्या उपचारांपेक्षा जोरकस उपचारांकडे त्यांचा कल जास्त होता. शेवटच्या काळात काय करायचं, काय नको, याची आखणी त्यांनी कमी केली होती. आणि आयुष्याचा शेवटचा आठवडा त्यांचा अधिक वाईट गेला होता. त्यांच्या जोडीदारांमध्येही नैराश्य आणि चिंता जास्त होती.

यात दोष कुणाचा नाही. ‘मुलांसाठी लढायचंय’ हे वाक्य आम्ही धर्मशाळेत मराठीत, हिंदीत, बंगालीत ऐकलं आहे. त्यामागची माया खरी आहे. पण हिशोब चुकण्याची जागाही तीच आहे. आणखी एक केमो मुलांसाठी घ्यायची, आणि ती घेण्यासाठी मुलांपासून सातशे किलोमीटरवर चार महिने राहायचं. संध्याकाळी सात-साडेसात वाजता धर्मशाळेच्या जिन्यात जाऊन उभे राहा. जो तो फोनवर असतो. ‘जेवलास का? अभ्यास झाला का?’ एक बाई व्हिडिओ कॉल कधीच करत नसे, केस गेलेले मुलीला दिसू नयेत म्हणून. मुलगी पलीकडून म्हणे, ‘आई, तुझा कॅमेरा कधी दुरुस्त होणार?’

कुणी केमो घेऊ नये असं आम्ही मुळीच सुचवत नाही. तो विषय डॉक्टरांचा आहे. आजकालच्या औषधांवर काही प्रकारच्या कॅन्सरमध्ये चौथ्या टप्प्यातली माणसंही काही वर्षं बऱ्यापैकी जगतात. म्हणणं एवढंच की निर्णय घेताना दोन प्रश्न उघडपणे विचारा. एक, या उपचाराने किती वेळ मिळण्याची शक्यता आहे, आणि त्यातला किती मुलांजवळ घालवता येईल? दुसरा, हाच उपचार आमच्या गावाजवळ होईल का? दुसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत, कारण परळला आलो म्हणजे परळलाच राहायचं असं धरून चालतात. २०१२ सालापासून देशातली कॅन्सर रुग्णालयं राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये जोडली जात आहेत. बार्शीला, नागपूरला कॅन्सरची जुनी रुग्णालयं आहेत. उपचारांची आखणी एकीकडे आणि सलाइन दुसरीकडे, असं पुष्कळदा जमू शकतं. विचारायला हवं.

आता ‘पॅलिएटिव्ह केअर’ या शब्दाकडे येतो. मराठीत उपशामक उपचार म्हणतात. हा शब्द ऐकला की नातेवाइकांचा चेहरा पडतो. ‘म्हणजे आता काहीच उरलं नाही?’ हा गैरसमज घालवला पाहिजे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली साँडर्स या आधी परिचारिका होत्या, मग समाजसेविका, आणि नंतर डॉक्टर झाल्या. तीनही बाजूंनी रुग्ण पाहिल्यामुळे त्यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली. वेदना शरीराची असते, मनाची असते, नात्यांची आणि पैशांची असते, आणि ‘हे माझ्याच वाट्याला का’ या प्रश्नाचीही असते. एकीवर उपचार करून बाकीच्या सोडल्या तर माणूस दुखतच राहतो. आपल्या मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती आवेदना सदन उभं राहिलं, ते देशातलं पहिलं हॉस्पिस. टाटा रुग्णालयातही उपशामक उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्याची माणसं रुग्णांच्या घरीही जातात.

हे उपचार शेवटी घ्यायचे नसतात, सुरुवातीपासून बाकीच्या उपचारांबरोबर घ्यायचे असतात. बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी २०१० साली फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार, अर्ध्यांना त्यांच्या जोडीला पहिल्यापासून उपशामक सेवा. दुसऱ्या गटाच्या जगण्याची गुणवत्ता चांगली राहिली, नैराश्य कमी राहिलं, शेवटच्या काळातले जोरकस उपचार कमी झाले. आणि तरीही ती माणसं जास्त जगली. मध्यक काढला तर ११.६ महिने, पहिल्या गटाचा ८.९.

मॉर्फिनबद्दलही लोक घाबरतात. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे हे औषध मिळणंच अवघड होऊन बसलं होतं. २०१४ साली कायदा बदलला आणि वाट थोडी मोकळी झाली. जाणत्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्यासाठी, ठरल्या मात्रेत घेतलेल्या मॉर्फिनने माणूस व्यसनी होईल या भीतीने त्याला तळमळत ठेवू नये. बापाचं दुखणं थांबलं तर तो उठून बसेल. उठून बसला तर मुलाची वही बघेल. आमच्या लेखी हेच मोजमाप आहे.

आता एक गोष्ट आम्हाला सांगायची आहे. ती आमच्या चुकीची आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत एक गृहस्थ राहत. साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या दाखवायचं काम. पोटाचा कॅन्सर निघाला, तो यकृतापर्यंत गेलेला. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत. त्यांची बायको आमच्याकडे आली, म्हणाली, ‘सर, पोरांना काही कळू देऊ नका.’ मुलगी संध्याकाळी आमच्याकडे इंग्रजी शिकायला येत असे. तिने एकदा विचारलं, ‘सर, बाबांना काय झालंय?’ आम्ही म्हणालो, ‘अल्सर आहे. औषधाने बरा होतो.’ आयुष्यभर वर्गात सत्य म्हणजे काय यावर व्याख्यानं दिलेला माणूस हे म्हणाला. अगदी सहज.

चार महिने गेले. एके दिवशी तिने वही पुढे केली. ‘सर, या शब्दाचा अर्थ काय?’ वहीत अचूक स्पेलिंगसह लिहिलं होतं, ‘मेटास्टॅटिक’. आम्ही काही बोलायच्या आधी तीच म्हणाली, ‘मला माहितीये सर. मी फाइल वाचली, दिवाळीतच. पण बाबांना सांगू नका हं. त्यांना वाईट वाटेल.’

म्हणजे एका खोलीत बाप मुलीला सांभाळत होता, मुलगी बापाला सांभाळत होती, आई दोघांना, आणि सगळे आपापल्या कोपऱ्यात एकटे. त्या रात्री आम्ही तिच्या आईशी बोललो, मग दोघं मिळून तिच्या वडिलांशी. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘म्हणजे मी इतके दिवस एकटाच घाबरत होतो होय.’

त्यानंतर ते सात आठवडे होते. दुखण्यावर औषध सुरू झालं होतं, बसता येत होतं. मुलीला त्यांनी विम्याचे कागद दाखवले, बँकेत स्लिप कशी भरायची ते शिकवलं. सुती कापड आणि मिश्र कापड बोटांनी कसं ओळखायचं तेही शिकवलं, कारण त्यांना ते येत होतं. मुलाला बुटाची नाडी बांधता येत नव्हती, ती रोज दहा वेळा बांधून घेतली. रडारड झालीच, घरात हसूही आलं. प्रश्नावलीतले गुण बहुधा घसरतच असतील. पण तो माणूस त्या सात आठवड्यांत पुन्हा बाप झाला होता.

मुलगी आज नोकरी करते, भेटते. एकदा म्हणाली, ‘सर, ते सात आठवडे मला पुरतात. पण आधीचे चार महिने फुकट गेले.’ ती आम्हाला दोष देत नव्हती. आम्ही देतो.

आपल्या परंपरेत यासाठी काही आहे का? आहे. कौषीतकी उपनिषदात पिता-पुत्रांचा एक विधी सांगितला आहे, संप्रदान. मरणाची चाहूल लागलेला बाप मुलाला बोलावतो आणि आपली वाणी, दृष्टी, कर्म, मन असं एकेक त्याच्या हवाली करतो. मुलगा एकेक स्वीकारतो. दोघेही मोठ्याने बोलतात, कुणी काही लपवत नाही. पुढे आणखी एक व्यवहारी तरतूद आहे. बाप बरा झालाच तर काय? तर त्याने मुलाच्या सत्तेखाली राहावं किंवा परिव्राजक होऊन निघून जावं. म्हणजे हवाली करणं आणि जगण्याची आशा, दोन्ही एकाच वेळी शक्य आहेत, हे त्या लोकांना ठाऊक होतं. त्या विधीत मुलगी नाही, आई नाही, ही त्याची मर्यादा. ती आपण ओलांडायची.

मग करायचं काय? थोडक्यात सांगतो.

मुलांना त्यांच्या वयाला पेलेल एवढं खरं सांगावं. पाचेक वर्षांच्या आतल्या मुलाला मरण कायमचं असतं हे नीट कळत नाही. ‘देवाघरी’ म्हटलं की ते परत कधी येणार विचारतं, ‘झोपले’ म्हटलं तर झोपायलाच घाबरतं. साध्या शब्दांत सांगावं. सहा-सात ते नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वाटू शकतं की मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. मोठी मुलं गप्प होतात, आणि बहुतेक वेळा त्यांना आधीच कळलेलं असतं. वय काहीही असो, तीन गोष्टी सांगाव्यातच. हे तुझ्यामुळे झालं नाही. हा आजार शिवल्याने होत नाही, तू आईच्या कुशीत झोपू शकतोस. आणि काहीही झालं तरी तुझ्याकडे बघायला अमुक माणूस आहे. त्या माणसाचं नाव घ्यावं. वर्गशिक्षकांनाही कल्पना द्यावी.

हे तिसरं वाक्य खरं ठरावं म्हणून कागद करावे लागतात. एकटी आई किंवा एकटा बाप असेल तर मुलांचा पालक कोण, हे मृत्युपत्रात लिहून ठेवता येतं. हे वकिलाला विचारून नीट करून घ्यावं. स्वतःवर शेवटी कोणते उपचार नकोत, हेही लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली त्याला मान्यता दिली आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. हे न लिहिल्यास व्हेंटिलेटरचा निर्णय जोडीदाराच्या डोक्यावर येतो, आणि तो पुढे वर्षानुवर्षं तो घेऊन जगतो.

आणि ज्यांना हे बोलणं जमणार नाही, त्यांना भाग पाडू नये. काहींना गप्प राहूनच बळ मिळतं. आशा धरायचा हक्क प्रत्येकाला आहे. फक्त त्यांचं गप्प राहणं त्यांनी स्वतः ठरवलेलं असावं. आमच्यासारख्या शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी ते त्यांच्यावर लादू नये.

उद्या तुमच्यापैकी कुणी अशा घरी भेटायला जाईल. हातात शहाळं असेल. तिथे आपण काय विचारतो? ‘आता कसं वाटतंय?’ हा प्रश्न वाईट नाही, पण उत्तर ‘बरं आहे’ एवढंच येतं. त्याऐवजी, थोडं बसून, माणूस मोकळा वाटला तर विचारून पाहा, ‘या आठवड्यात मुलांसाठी काय करावंसं वाटतंय? त्यात आमची काय मदत होईल?’ उत्तर लहान असेल. वेणी घालायची आहे. पालकसभेला जायचं आहे. गावाहून दोन दिवस मुलांना आणवायचं आहे, गाडीभाड्याचं बघा. ते करावं.

 प्रश्न असतील तर खाली बसून बोलू.